आजोबा सुलटे झाले ते

थोरले, तुला हे आठवणार नाही आणि धाकट्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, म्हणून लिहून ठेवते.

तुमचे बाबा परदेशी जाताना आमच्यासाठी धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या घरी एक लॅपटॉप ठेवून गेले. त्यावर लिनक्स हे संगणक चालवणारं सॉफ्टवेअर होतं. मला ते आवडलं, कारण सगळे प्रोग्राम इंटरनेटवरच्या एकाच भांडारातून यायचे आणि एका बटणानं नवे व्हायचे. दर शनिवारी पूजा आटोपली की मी ते बटण दाबायची. खोट एकच होती: त्याच्या कॅमेऱ्यात माणूस उलटा दिसायचा. तू तेव्हा जेमतेम बोलायला लागली होतीस. तिकडे तुमच्या पडद्यावर डोकं खाली, मिशा वर असे आजोबा बघितलेस आणि किंचाळत पळालीस. मग रविवारी आमचा कॉल आला की तू त्या खोलीत यायचीच नाहीस.

"मी का वटवाघूळ आहो?" आजोबा म्हणाले. त्यांनी लॅपटॉपच उलटा धरून पाहिला. ते सुलटे झाले, पण तुमचं सगळं घर आमच्या पडद्यावर छताला लटकलं. आम्ही खूप हसलो. मग ते हळूच म्हणाले, "पोरगी मले पाहूनच भेऊन राहिली. उन्हाळ्यात इथं आली तर जवळ तरी येईल का?"

दिवाळीत बाबा एकटेच आले. कॅमेऱ्याचा सुधारलेला प्रोग्राम निघाला होता, पण आमच्या भांडारात तो पोचला नव्हता. बाबांनी त्याचा मूळ कोड उतरवून घेतला, ओसरीत बसून त्यातून प्रोग्राम तयार केला आणि भांडारातून आलेल्या जुन्याच्या जागी ठेवून दिला. आजोबा सुलटे झाले. बाबा परत गेले. शनिवारी मी बटण दाबलं आणि रविवारी आजोबा पुन्हा उलटे! तू दारातून डोकावलीस आणि पळालीस.

बाबांचा फोन आला. "आई, अपडेट केलंस?"

"दर शनिवारी करते, तुला ठाऊक आहे."

"मग त्या अपडेटनं माझी फाइल काढून आपली ठेवली. ती जागा भांडाराची. तिथं काय राहील ते भांडारच ठरवतं."

"मग त्याच्या जागेत ठेवलीच काऊन?" मागून आजोबा ओरडले. "घरचं बियाणं कधी विकतच्या पोत्यात टाकलं का आपण?"

आपल्याकडे विकतच्या धानबियाण्याची पोती पडवीत असतात. नवं बियाणं आलं की ती रिकामी होतात, बदलतात. घरचं निवडलेलं बियाणं मात्र मागच्या खोलीत, शेणामातीनं लिंपलेल्या बांबूच्या ढोलीत. पडवीत कितीही आवराआवर चालो, त्या ढोलीला कोणी हात लावत नाही.

बाबा हसले. "तशी जागा लॅपटॉपातही आहे. लोकल म्हणतात तिला, म्हणजे घरची. घाईत टाळली मी."

"घाई! मास्तरणीचा पोरगा ना तू?" आजोबा म्हणाले. मी शाळेत शिकवायची ना!

कोड लॅपटॉपवर होताच. बाबा फोनवर आज्ञांचं एकेक अक्षर सांगत गेले, मी टाइप करत गेले. पडद्यावर ओळी धावू लागल्या, मध्येच वीज गेली, पण बॅटरीनं निभावलं. प्रोग्राम लोकलमध्ये बसला. शेवटी, कॅमेरा सुरू होताना लॅपटॉपनं आधी तिथंच बघावं, अशी एक ओळ लिहिली.

पुढच्या शनिवारी मी लॅपटॉप उघडला तशी आजोबांनी बटणावर हात आडवा धरला. "मास्तरीणबाई, या शनवारी राहू द्या ना."

"आणि पुढच्या? दाबल्याशिवाय कळणार कसं?"

त्यांनी हात काढला, पण तोंड फिरवून बसले. मी बटण दाबलं.

रविवारी कॉल लागला. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत आजोबांची मिशी नाकाखालीच होती. ते पडद्याकडे डोळे लावून बसले. बऱ्याच वेळानं तू दारातून आलीस, टेबलाजवळ उभी राहिलीस आणि हातातलं अर्धं खाल्लेलं बिस्किट पडद्याला लावलंस.

आजोबांनी घास घ्यायला लगेच तोंड उघडलं.