निळी सोळा पानं

रोज सकाळी साडेनऊला इनायतुल्लाभाई दुकानाचं शटर अर्धंच वर करत. वाकून आत शिरत, दिवा लावत, हातात असलेल्या कामातलं एखादं पुस्तक उचलत आणि उभ्या उभ्या त्यातली चार पानं वाचत. ती झाली की मग शटर पूर्ण वर जाई. गल्लीला हे पाठ होतं. अर्ध्या शटरशी कोणी हाक मारत नसे. दूधवाला पिशवी खिळ्याला अडकवून पुढे जाई, आणि वरच्या मजल्यावरून खुर्शीदबी, त्यांची बायको, शेजारणीला सांगत की आमचे हे अजून कुठल्यातरी मुलखात आहेत, परतले की चहा देते.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या पुलापासून दोन गल्ल्या आत, त्यांचं बाइंडिंगचं दुकान. एक्केचाळीस वर्षांचं. शाळांच्या हजेऱ्या, वकिलांच्या फायली, कुराणाचे सिपारे, रिद्धपूरला जाणाऱ्यांच्या पोथ्या, सगळं त्यांच्याच सुईखालून जाई. त्यांनी शिवलेलं पुस्तक उसवत नाही, असं लोक म्हणत. ते ऐकलं की इनायतुल्लाभाई मान खाली घालून सुईत दोरा ओवत बसत. पण मनातून त्यांना ते फार आवडे.

‘मीठवाट’ ही कादंबरीमाला त्यांच्याकडे अशीच, उसवलेली, आली. सात खंडांची कथा. सहा निघाले होते, सातव्याची सगळे वाट पाहत होते. लेखिका टोपणनावाने लिहायची. कथेतल्या देशात समुद्र आटून गेलेला, मागे नुसतं मीठ. त्या मिठावरून उंटांचे तांडे जातात. एक नदी आहे, ती वर्षातून एक महिना उलटी, उगमाकडे वाहते, आणि त्या महिन्यात हिरमा नावाची एक नावाडीण लोकांना पलीकडे नेते. दुष्काळापायी राजा युद्ध पुकारतो, तमसार किल्ल्याला आग लागते आणि राणी अंजोर त्यात नाहीशी होते. मेली की वाचली, हे सहा खंड झाले तरी कोणाला कळलेलं नव्हतं.

वाचनालयाच्या जयवंताबाईंनी तिसरा खंड पिशवीत घालून आणला होता. पुस्तक इतक्या हातांतून गेलं होतं की शिवण तुटून त्याचे फर्मे सुटे झाले होते. फर्मा म्हणजे एकत्र घडी घातलेली सोळा पानं. असे फर्मे एकावर एक रचून शिवले की पुस्तक होतं. इनायतुल्लाभाईंनी आकडे पाहून फर्मे रचले. शेवटी एक उरला. त्यातली अक्षरं निळ्या शाईची आणि पानांना आकडेच नाहीत. लेखिकेने मुद्दाम तसा घातलेला, स्वतंत्र असा एक छोटा भाग. त्यात हिरमा हातमोजा काढते आणि तिचा तळहात भाजलेला दिसतो. बस, एवढंच.

हा फर्मा कुठे लावायचा? जयवंताबाईंना आठवेना, आणि गावात दुसरी प्रत नव्हती. प्रकाशकाने तिसरा खंड पुन्हा छापलाच नव्हता. इनायतुल्लाभाईंनी आठ दिवस, अर्ध्या शटरआड, अख्खा खंड वाचला. मग विचार केला, तळहात भाजायला आधी आग तर लागली पाहिजे. त्यांनी निळी सोळा पानं किल्ल्याच्या आगीनंतर ठेवली आणि पक्की शिवून टाकली.

त्याला आता तीन वर्षं झाली होती.

त्या तीन वर्षांत त्या पुस्तकाने दुकानात एक मंडळ उभं केलं. शनिवारी संध्याकाळी चारपाच जण रद्दीच्या गठ्ठ्यांवर बसत. त्यात पुंजाराम होता, पन्नाशीचा रिक्षावाला. स्टॅण्डवर गिऱ्हाईक नसलं की तो मागच्या सीटवर पाय दुमडून वाचायचा. आरती होती, कृषी विद्यापीठात एमएस्सी करणारी. तिचे वडील नत्थुजी यांची जमीन खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरीचं पाणी ओंजळभर प्यालं तरी जिभेला खारं लागतं. म्हणून ‘मीठवाट’मधला दुष्काळ हा शाप नाहीच, असं तिचं ठाम मत होतं. खालून खारं पाणी वर चढतंय, राजाने निचऱ्याचे चर खणले असते तर युद्धच झालं नसतं. खुर्शीदबींचं मत याहून थोडक्यात होतं: राणीने वेळेवर निरोप धाडला असता तर दुसऱ्याच खंडात आटोपलं असतं.

पण मंडळाचा खरा जीव एका तर्कात अडकला होता. हिरमा नावाडीण हीच राणी अंजोर. आगीतून वाचली, हात भाजला, राज्य सोडलं आणि नाव वल्हवू लागली. व्हॉट्सअॅपवर ‘मीठवाट’च्या वाचकांचा मोठा ग्रुप होता. तिथले बाकीचे सगळे हिरमाला राणीची हरवलेली बहीण मानत. अकोलेकर त्यांना म्हणत, तिसरा खंड नीट वाचा. तेही अकोलेकरांना म्हणत, तिसरा खंड नीट वाचा. पुंजारामचं नाशिकच्या एका मास्तरांशी या पायी इतकं वाजलं होतं की दोघं एकमेकांना सणाच्या शुभेच्छाही टोमणा मारून देत.

अशात अमरावतीच्या वाचकांनी एका रविवारी मेळावा ठरवला. राज्यभरातून तीनशेक मंडळी येणार होती आणि अकोल्याचा तर्क मांडायला आरतीला बोलावलं होतं. ती याआधी कधी माइकसमोर उभी राहिली नव्हती. तिने चार कागद चिकटवून आगीचा आणि हिरमाच्या प्रवासाचा तक्ता काढला, रोज आरशासमोर बोलून पाहिलं.

मेळाव्याच्या आधीच्या गुरुवारी अमरावतीच्या एका कॉलेजातून तीस पुस्तकांचा गठ्ठा दुकानात आला. त्यात ‘मीठवाट’चा तिसरा खंड होता. फक्त पुठ्ठा फाटलेला, आतली शिवण शाबूत. इनायतुल्लाभाईंनी सहज उघडला. एकशे बाराव्या पानानंतर निळी अक्षरं दिसली. आग दोनशे चाळीसाव्या पानावर होती.

त्यांनी चष्मा पुसला. आधी वाटलं, छापखान्यातच कोणी चुकला असेल. मग त्यांनी पुस्तक उताणं करून फर्म्यांच्या मधली शिवण पाहिली. मशीनचा दोरा, एकसारखा, कोणी कधी हात न लावलेला. एक्केचाळीस वर्षं पुस्तकं शिवणारा माणूस दोऱ्याशी वाद घालत नाही. हिरमाचा हात आगीच्या आधीच भाजलेला होता. मग ती राणी कशी असेल?

दुसऱ्या दिवशी आरती तक्ता घेऊन आली आणि त्यांच्यासमोर अख्खं भाषण म्हणून दाखवलं. इनायतुल्लाभाई दोनदा बोलायला गेले आणि दोन्ही वेळा सुताची रिळं नीट लावत राहिले. रात्री जेवताना त्यांनी खुर्शीदबींना सगळं सांगितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा हातातच धरून ऐकलं. मग म्हणाल्या, तुमच्या नावाला भोक पडलं तर आपण दोघं मिळून रफू करू, सवयच आहे. पण तीनशे माणसांत त्या पोरीचं हसं झालं तर तिला कोण शिवणार?  इनायतुल्लाभाईंनी ताटातली भाजी तशीच ठेवली, जे त्या घरात क्वचितच होई.

शनिवारीही सांगता आलं नाही. पुंजारामने नाशिकच्या मास्तरांना काय काय सुनावायचं याची यादीच करून आणली होती आणि सगळे पोट धरून हसत होते. त्या हसण्यात आपलं वाक्य कुठे घालावं, ते इनायतुल्लाभाईंना कळेना.

रविवारी सकाळच्या एसटीत आरती, पुंजाराम आणि इनायतुल्लाभाई असे तिघं बसले. इनायतुल्लाभाईंच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत दोन पुस्तकं, वाचनालयाचं आणि कॉलेजचं. मूर्तिजापूरला गाडी थांबली. पुंजाराम खाली उतरून शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन आला. गाडी हलली तशी इनायतुल्लाभाईंनी दोन्ही पुस्तकं काढली, निळी पानं उघडली आणि आरतीच्या मांडीवर ठेवली.

आरतीने एक पाहिलं, दुसरं पाहिलं. पुन्हा पहिलं. बाहेर कपाशीची काळी शेतं मागे जात राहिली.

“मंग तीन वर्षं आपण कोणतं पुस्तक वाचून राहिलो होतो, चाचा?” तिने विचारलं.

“मी शिवलेलं,” इनायतुल्लाभाई म्हणाले. “चूक माही हाय, बेटा. गुरुवारीच समजली. तुले सांगाले जीभच उचलली नाई.”

पुंजारामच्या हातातला शेंगदाणा हातातच राहिला. त्याला पुस्तकापेक्षा दुसरीच गोष्ट आधी सुचली.

“म्हंजे तो नाशिकचा मास्तर बरोबर होता?” तो म्हणाला. “चाचा, हे तुमी मले काऊन सांगतलं? न सांगता मेलो असतो तं बरं झालं असतं.”

 बडनेऱ्यापर्यंत आरतीने तक्त्याची सुरळी गुडघ्यांत धरून ठेवली होती. इनायतुल्लाभाईंनी तिच्याकडे पाहायचं टाळलं. बडनेऱ्याच्या पुलावर गाडी चढली तेव्हा त्यांना कसलातरी आवाज आला. पोरगी रडतेय, असं वाटून त्यांनी मान वळवली. ती हसत होती. ओढणी तोंडावर दाबून, खांदे हलेपर्यंत. पुंजारामच्या चेहऱ्याकडे बोट करत होती.

सभागृहात खरोखरच तीनशेच्या आसपास माणसं होती. करिश्मा नावाच्या संयोजक मुलीने आरतीचं नाव पुकारलं. आरतीने तक्ता उलगडलाच नाही. दोन पुस्तकं घेऊन ती माइकशी गेली आणि म्हणाली, “आम्ही अकोल्याचे. आमचं पुस्तक उलटसुलट शिवलेलं आहे. तुमचं बरोबर होतं.”

हशा झाला. मोठा, बराच वेळ चाललेला. शेवटच्या रांगेत इनायतुल्लाभाई छातीला पिशवी धरून बसले होते. आरती थांबली, हशा ओसरू दिला, आणि मग तिने फर्म्याची गोष्ट सांगितली. आकडे नसलेली पानं, गावात दुसरी प्रत नसणं, आठ दिवस वाचून काढलेला खंड, आणि बाइंडरचा तो एकच प्रश्न: आग लागायच्या आधी हात भाजेल कसा?

“आमच्या चाचांनी पानं चुकीच्या जागी लावली,” ती म्हणाली, “पण हा प्रश्न तर तुमच्याही पुस्तकात आहेच. तुमच्या हिरमाचा हात कशाने भाजला?”

पुढच्या रांगेत कोणीतरी पिशवीतून तिसरा खंड काढला. मग पुस्तकं उघडल्याचा आवाज सुरू झाला, एका रांगेतून दुसऱ्या रांगेत. भाजलेला हात सगळ्यांनी वाचला होता, पण आग पुढे असल्याने मागे वळून कोणी विचारलंच नव्हतं. कोणी म्हणालं, आधी एक आग लागून गेली असणार, पहिल्या खंडात काळ्या भिंतींचा उल्लेख आहे. कोणी म्हणालं, ती आग नाहीच, तो उकळत्या मिठाचा डाग. एक बाई खुर्चीवर उभ्या राहून सांगू लागल्या की आग हिरमानेच लावली, तिला ती लावायची सवय होती. पुढचा तास माइक कोणाकडे आहे ते कोणालाच कळेना. नाशिकचे मास्तर उठले, पुंजारामला शोधत शोधत आले आणि म्हणाले, तुमच्या बाइंडरशी मला हात मिळवायचाय. बारीकसे, टक्कल पडलेले, पुंजारामने मनात रंगवले होते त्याहून फारच मऊ गृहस्थ. दोघं जे भांडायला बसले ते बाहेर दह्यातला गिला वडा खातानाही भांडतच होते, पण आता एकाच बाजूने, बाकीच्यांशी.

करिश्माने इनायतुल्लाभाईंना गाठून एक मागणी केली. तिची प्रत अकोल्यासारखी शिवून द्यायची. आणखी सातआठ जण लगेच मागे उभे राहिले. इनायतुल्लाभाई लाजले, पण नाही म्हणाले. नकळत चुकलो ते चुकलो, जाणूनबुजून चुकीचं शिवणार नाही, एवढंच त्यांनी सांगितलं.

परतल्यावर मात्र गावातच पेच उभा राहिला. जयवंताबाई म्हणाल्या, वाचनालयाचं पुस्तक आहे, दुरुस्त झालंच पाहिजे. मंडळातल्या आणि मंडळाबाहेरच्या सत्तावीस वाचकांनी सह्या करून अर्ज दिला की आमचं पुस्तक आहे तसंच राहावं. जयवंताबाईंनी अर्ज आणि पुस्तक, दोन्ही इनायतुल्लाभाईंच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, “तुमीच शिवलं, आता तुमीच निस्तरा.”

दोन दिवस पुस्तक तसंच पडून राहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी ब्लेडने शिवण कापली. आपलाच दोरा कापायची त्यांची ही पहिली वेळ. बाकीचे फर्मे आकड्यांप्रमाणे पुन्हा शिवले, नवा पुठ्ठा घातला आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आतून कापडाचा एक खिसा चिकटवला. निळी सोळा पानं वेगळी, त्यांची त्यांना छोटीशी शिवण घालून, त्या खिशात सरकवली. ज्याला जिथे वाटेल तिथे त्याने ठेवून वाचावी. खिशावर त्यांनी छापील पुस्तकातली जागा बारीक अक्षरात लिहिली, पान एकशे बारानंतर. त्याखाली, थोडा विचार करून, अकोल्याचीही लिहिली.

शनिवारी आरती आली तेव्हा पुस्तक डिंक वाळायला दाबयंत्रात होतं. खिशाचं आणि त्यावरच्या दोन्ही ओळींचं तिने इनायतुल्लाभाईंकडून ऐकून घेतलं. मग दाबयंत्राचा दांडा फिरवायला तिने हात पुढे केला. आजच घरी नेते, पहिल्यापासून वाचते, म्हणाली. इनायतुल्लाभाईंनी दुसऱ्या पुस्तकाच्या शिवणीतून मान वर केली.

“राहू दे वं,” ते म्हणाले. “आज काढलं तं पुठ्ठा वाकडा होते. सोमवारी ये.”