तिला घरात घेऊ नका

पौडच्या एका शाळेत मी वीस वर्षं मराठी शिकवतो, आणि माझ्याच एका वाक्यामुळे माझी आत्या तासभर उन्हात बसून होती.

आमचं घर कासार आंबोलीत. आई गेल्यावर मला वाढवलं ते ताम्हिणीच्या या आत्यानं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर ती चार दिवस आमच्याकडे आरामाला येणार होती. नेमकी त्याच सकाळी आमची शेळी दावं तोडून सुटली. शाळेत पोचल्यावर मी घाईघाईत वहिनीला मेसेज केला : 'आत्या दुपारी येतेय. शेळी अजून मोकळीच आहे. तिला घरात घेऊ नका. दिसेल ते खाते.'

(माझ्या मते यात काहीच चूक नव्हती. पूर्णविरामसुद्धा जागच्या जागी होते.)

वहिनीनं फोन हातात घेतला तोवर आत्या दारात पोचली होती.

"काय म्हनतोय मास्तर?" तिनं विचारलं.

वहिनीनं भोळेपणानं मोठ्यांदा वाचून दाखवलं. आत्यानं पायरीवर ठेवलेला पाय मागं घेतला आणि अंगणातल्या दगडावर जाऊन बसली.

वहिनीचा फोन आल्यावर मी शाळेतून धावत आलो. आत्या काळा चष्मा लावून दगडावर. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन विनवण्या करत शेजारी. आणि दोघी बाहेर असल्यामुळे शेळी निवांत स्वयंपाकघरात, आत्यासाठी थापलेल्या भाकरी खात होती.

"आत्या, ते शेळीबद्दल होतं," मी म्हणालो.

"तितं शेळी कुटं म्हनलायस? 'तिला' म्हनलायस."

"अगं, सर्वनाम जवळच्या नामाला लागतं. जवळ शेळी होती."

"व्हय का? आन् मी लांबची?"

जिनं मला पोटच्या पोरासारखं सांभाळलं, तिला मी नियम सांगत होतो. मी तिच्या शेजारी मातीत बसलो.

"चुकलं माझं. मी आत्याला घरात नेतोय, आणि शेळीला बाहेर काढतोय."

"आता कळलं," म्हणत तिनं उठायला हात पुढे केला. "मानसाचं नाव घ्यायला जीभ झिजती का रं?"

तेव्हापासून मी घरी मेसेज करत नाही, फोन करतो. बोलता बोलता 'ती' म्हटलं, की वहिनी लगेच विचारते, "ती म्हंजी कोण?" वर्गात वीस वर्षांत एकाही मुलानं मला हे विचारलेलं नाही. मी समजत होतो, त्यांना सगळं कळतंय.