चार नट आणि एक पिन

२५ जून १९९०. स्टोव्ह भपके मारत होता, म्हणून तो घेऊन मानवतच्या बाजारात गेले. शाळा उघडून दहा दिवस झाले होते. शिष्यवृत्तीला बसणाऱ्या एका हुशार मुलीला मी धरून बसले होते. सातवीतली दुसरी एक अजून आलीच नव्हती. येईल, म्हणून मी विषय सोडला होता.

स्टोव्ह दुरुस्त करणारा हा माणूस बोलताना मान वर करत नाही. त्याच्यापुढे दवाखान्यातले कंपौंडर तावातावानं बोलत होते. आदल्या रात्री अर्जेंटिनाकडून हरून ब्राझील फुटबॉलच्या वर्ल्डकपमधून बाहेर गेलं होतं.

“आधी त्या कोचला हाकला! मागं इतकी माणसं कशाला ठेवायची?”

“साहेब, माणसं कमी न्हवती, जास्त बी न्हवती. तुमी नुस्तं बॉलकडं बघायलाव.”

त्यानं डब्यातले नट पोत्यावर मांडले. मॅच त्यानं टीव्हीच्या दुकानाबाहेरून, लोकांच्या खांद्यांवरून पाहिलेली; तरी कोण कुठं उभा होता ते त्याला पाठ. अर्जेंटिनाचा दहा नंबर म्हणून माझा बर्नर सरकला, तसे ब्राझीलचे चार नट त्याच्याकडं धावले. वीस वर्षं शिकवते, पण फळ्यावर इतकं स्पष्ट मला कधी काढता आलं नाही. मग त्यानं बाजूच्या पिनेवर बोट ठेवलं.

“ह्यो बघा, गोल मारणारा. एकटाच उभा हाय. ह्याच्याकडं कोण बघायलंय?”

 

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या आधी मी त्या न आलेल्या मुलीच्या घरी गेले. ती खुरपं घेऊन निघालेलीच होती.