बांगड्या काढायची विनंती

वाशिमच्या एका नर्सिंग कॉलेजात झाडझूड करणाऱ्या गोमतीबाई दर गुरुवारी दोन तास पेशंट व्हायच्या. इंग्रजीच्या तासाला रबरी पुतळ्याशी बोलताना पोरींना हसू फुटायचं, म्हणून साधना मॅडमनी त्यांनाच पलंगावर झोपवलं. 'काहून?' असंही गोमतीबाईंनी विचारलं नाही. वर्षापूर्वी नवरा, रामधन, आठ दिवस दवाखान्यात पडून वारला, तेव्हापासून कोणी सांगेल ते करायचं, असंच त्यांचं चाललं होतं. रडू तर आलंच नव्हतं.

इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण पोरींच्या हातांवरून कळायचं. 'कुड यू प्लीज' म्हणत हात खांद्याला लागला, की कूस बदलायची.

"हुकूम सोडू नका, विनंती करा," मॅडम पोरींना बजावायच्या.

परीक्षेला बाहेरगावचे एक सर आले; पेशंट गोमतीबाईच होत्या. शेलूबाजारच्या सायलीला चिठ्ठी निघाली: ऑपरेशनआधी पेशंटला बांगड्या काढायची विनंती करा.

"वुड यू माइंड रिमूव्हिंग युअर..." सायलीने पाठ केलेलं वाक्य सुरू केलं आणि तिची नजर गोमतीबाईंच्या मनगटांवर गेली. मनगटं मोकळी होती.

"पुढे बोला," सर म्हणाले.

सायली खाली वाकली. "मावशी, बांगड्या काढा म्हणून लिवलं हाये. कसं म्हणू तुमाले?"

पोरीचे डोळे भरले होते. गोमतीबाईंच्या छातीत मात्र काही हललं नाही.

"म्हण न वं," त्या म्हणाल्या. "मले काय होते? तुये मार्क जातीन."

सायलीने वाक्य पुरं केलं. गोमतीबाईंनी आधी डाव्या, मग उजव्या मनगटावरून एकेक बांगडी उतरवल्यासारखं केलं. सायलीने ओंजळ पुढे धरली आणि थँक यू म्हणाली.

मधेच मराठी बोलली म्हणून सरांनी दोन मार्क कापले, पण ती पास झाली.

"ती चिठ्ठी मी काढूनच टाकते," साधना मॅडम नंतर ओशाळून म्हणाल्या.

"राहू द्या न," गोमतीबाई म्हणाल्या आणि चादर झटकायला लागल्या.

संध्याकाळी मेडशीच्या एसटीत त्यांना आठवलं, बांगड्या फोडायच्या दिवशी कोणी काही विचारलं नव्हतं. जावेने सरळ हात धरून जमिनीवर आपटला होता. आठवलं, एवढंच. मेडशी आल्यावर त्या उतरल्या, घरी गेल्या आणि एकटीपुरत्या दोन भाकरी थापल्या.