सालीसकट बाक

हॉलंडातल्या त्या कालव्याकाठच्या गावात बार्टाला सगळे ‘वोल्टरची बार्टा’च म्हणत, वोल्टर जाऊन बरीच वर्षं झाली तरी. वोल्टर कलमं बांधणारा. पिवळ्याधमक पानांचा एल्म वृक्ष त्याने स्वतः वाढवून घडवला. पुढे एल्मचा रोग आला आणि त्या जातीची दोनच झाडं उरली. एक बार्टाच्या दारात, दुसरं पलीकडच्या काठाला, नणंदेच्या म्हणजे सीनाच्या अंगणात.

मग दारातलंही वाळलं. रोगाचा एल्म पाडला की सालीसकट जाळायचा, नाहीतर सालीत वाढणारे भुंगेरे रोग दुसऱ्या एल्मवर नेतात, हे तिथली शेंबडी पोरंही सांगतील. पण बार्टाचं मन धजेना. खोडाचा एक ओंडका तिने खोपीमागे दडवला आणि तोडणारे गेल्यावर बाक म्हणून दाराशी आणून ठेवला. निदान साल तरी सोलायची! पण तिच्यावरून वोल्टरचा हात फिरलेला. प्रेम आंधळं असतं म्हणतात. हे वर हट्टीही होतं.

सीना रोज सकाळी त्या बाकावर कॉफीला येई.

वसंतात सालीवर बारीक भोकं दिसली. आतले भुंगेरे उडून गेले होते. तेव्हाच सांगितलं असतं, तर सीनाच्या झाडाच्या चार काड्या कलमाला काढता आल्या असत्या. तिने बाकावर जाड उशी टाकली.

“वहिनी, माझे लाड चाललेत की!” सीना हसली. बार्टाला तिच्याकडे बघवेना.

सीनाचं झाड मुळातच पिवळं, ते रोगाने पिवळं पडलं तर कुणाला कळणार? शेंडा वाळला तेव्हा कळलं. पाडलं त्या दिवशी सीना रडत आली.

“वहिनी, दादाच्या झाडाचा एक ओंडका मीही ठेवतेय. सालीसकट, तुझ्यासारखाच. लपवायला हात लाव.”

कालव्याकाठचे साधे एल्म अजून हिरवे होते. बार्टाने त्यांच्याकडे पाहिलं.

“साल नको ठेवूस, सीना.”

“तुझ्या बाकाला आहे ती?”

बार्टाने उशी काढली आणि कोयत्याने साल उचकटली. आत अळ्यांनी पोखरलेल्या वाटाच वाटा.

“कधी कळलं तुला?”

“वसंतात.”

“उशी टाकलीस तेव्हा?”

बार्टाने होकारार्थी मान हलवली. “तू यायची बंद होशील, अशी भीती वाटली गं.”

“आणि दादाचं झाड?”

बार्टाने काड्यापेटी आणली. दोघींनी मिळून दोन्ही ओंडके जाळले. सालीची राख होईपर्यंत सीना हलली नाही. मग तिने गवतावरची उशी उचलली, झटकली आणि बार्टाच्या हातात दिली.

“घे. आता ही कशावर टाकतेस?”