ताईशिवाय सुरू होणारा कॉम्प्युटर

घाटकोपरला असल्फ्याच्या चढावर एक बुद्धविहार आहे आणि विहाराच्या माडीवर पोरांसाठी अभ्यासिका. त्या अभ्यासिकेतला एकुलता एक कॉम्प्युटर संघमित्रा साळवेच्या मानगुटीवर बसला होता. दिवसभर साकीनाक्याच्या पॅकिंगच्या गाळ्यात बिलं करून बाईचं डोकं उठायचं, आणि सुटल्यावर घर गाठायचं सोडून ती आधी विहाराची माडी चढायची. कशाला? तर कॉम्प्युटर चालू करून द्यायला! हसू नका, खरंच तेवढ्यासाठी. आणि एकदा माडी चढली की कुणाचा फॉर्म, कुणाची प्रिंट, असं करत ती तिथेच अडकायची.

त्याचं असं झालं. कॉम्प्युटर जयंतीच्या वर्गणीतून घेतलेला. वस्तीतल्या प्रत्येक दारातून जमलेला पैसा, म्हणून त्या वस्तूला सगळे जिवापाड जपायचे. त्यात विंडोज होतं. मग वस्तीतलाच देवेश इंजिनिअरिंगला गेला आणि त्याने त्याच कॉम्प्युटरमध्ये विंडोजच्या शेजारी लिनक्स नावाचं, तसंच कॉम्प्युटर चालवणारं दुसरं काहीतरी आणून बसवलं. "ताई, हे फुकट आहे आणि चोरीचंही नाही," असं म्हणाला. तत्त्व चांगलंच होतं, नाही कोण म्हणतंय? पण नोकरी लागली तसा देवेश हैदराबादला गेला आणि लिनक्स इथेच राहिलं. त्यात प्रिंटर चालेना, पोरांना मराठी टाइप करता येईना, कुणी त्याच्याकडे फिरकेना. तरी बटण दाबलं की काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळींचा मेनू यायचा, यातलं काय सुरू करू म्हणून विचारायचा, आणि आपण जरा थबकलो की स्वतःच सगळ्यात वरचं लिनक्स उघडून मोकळा व्हायचा. विंडोज पार तळाला. ते निवडलं की अजून एक मेनू! त्यात विंडोज दोनदा लिहिलेलं, आणि त्यातलं एक कधीचंच पुसून गेलेलं.

एकदा एका पोराने घाईघाईत भलतीच ओळ दाबली. पडदाभर इंग्रजी अक्षरं धावायला लागली, पोरं घाबरली, आणि त्या गोंधळात अक्षता नावाच्या मुलीचा भरतीचा फॉर्म भरायचा राहून गेला. नेमका शेवटचा दिवस होता. पोरीचं वर्ष फुकट गेलं. तेव्हा विहाराचे अध्यक्ष दशरथकाका यांनी बैठकीत फर्मानच काढलं की कॉम्प्युटर बंद कुणीही करा, पण चालू करणार फक्त संघमित्रा. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिला कुणी विचारलं? छे! "ताई आहे ना," एवढं म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांचे प्रश्न सुटतात. ताईचे सोडून.

आता ताईचं घर कसं, तर दोन माणसांचं. ती आणि तिची आई द्रौपदीबाई. जालन्याकडून लग्न होऊन मुंबईत आलेली, उभा जन्म लोकांची धुणीभांडी केलेली बाई, आता हळूहळू विसरायला लागली होती. कधी माणसं ओळखायची, कधी नाही. दिवेलागणीच्या वेळी ती बरी असते, तेव्हा तिच्याशी बोलत बसा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सांगायला काय जातं! दिवेलागणीला संघमित्रा विहाराच्या माडीवर खाली बाण, खाली बाण, एंटर करत असायची. शेजारची जया आईला जेवू घालायची, गोळी द्यायची. संघमित्रा दारात पोचायची तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून झोपलेली. मग आवाज न करता ताट वाढून घ्यायचं, जेवायचं, पडायचं. रोज तेच.

"तिला मी आठवतेय तोवर तरी तिच्याशी बोलायचंय गं मला," एकदा ती जयाला म्हणाली.

जया फटकळ. "मग बोल ना! त्या डबड्याला दुसरं कुणी मिळत नाही का? तू काय चावी आहेस त्याची?"

संघमित्राला ते लागलं. लागलं, कारण खरं होतं. पोरांना नाही म्हणायची तिची हिंमत नव्हती, आणि रोज हो म्हणून म्हणून ती आतून पार पिळून निघाली होती. शेवटी तिने ठरवलं की माणसांना नाही म्हणता येत नसेल तर यंत्रालाच सरळ करायचं.

रविवारी विहारातली बुद्धवंदना झाल्यावर तिने दशरथकाकांना गाठलं. "जय भीम काका. ते लिनक्स मी आज काढून टाकते. मग बटण दाबलं की सरळ विंडोज. कुणाला काही विचारायला नको."

"बघ हं पोरी, वर्गणीची वस्तू आहे."

"माहितीय काका. वर्गणी मी पण दिलीय. वर रोजच्या संध्याकाळी दिल्यात त्या वेगळ्या."

काकाही तिच्या मागोमाग माडी चढले. वर जाऊन तिने विंडोज उघडलं आणि लिनक्सने अडवलेली जागा शोधून पुसून टाकली. वाटलं होतं त्यापेक्षा फारच सोपं निघालं. मोठ्या समाधानाने तिने कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला.

आणि मेनूच आला नाही! लिनक्सचं नाही, विंडोजचं नाही, कुठलीच ओळ नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एवढंच, की असा भाग सापडत नाही. खाली बारीकशी रेघ लुकलुकत होती. मागच्या बाकावर अक्षता बसलेली, यंदा पुन्हा भरतीचा फॉर्म भरायचा म्हणून आलेली. ती नुसती पडद्याकडे बघत राहिली.

"वाट लागली काय गं?" दशरथकाकांनी हळूच विचारलं.

संघमित्राच्या तोंडचं पाणी पळालं. आता हा दुरुस्त होईपर्यंत रोज यावं लागणार, वर शब्द ऐकावे लागणार. गेला तो सुटकेचा विचार! रडावंसं वाटलं तिला, पण रडायचंही त्राण नव्हतं. तिने देवेशला फोन लावला.

"ताई, लिनक्स उडवलंस? अगं, मला विचारायचंस तरी!"

"विचारलं रे. दर जयंतीला विचारलं. 'येईन तेव्हा करून देतो' म्हणायचास तू."

देवेश नरमला. "सॉरी ताई. चुकलंच माझं. हे बघ, काही बिघडलेलं नाही. तू खोली पाडलीस, पण दारातला वॉचमन लिनक्सचाच राहिला. तो बिचारा ती खोली शोधत बसलाय. त्याला उठवायचं आणि विंडोजचा वॉचमन बसवायचा. विंडोजचा सेटअप घातलेला पेनड्राइव्ह मिळेल कुठे?"

चढ उतरून ती नाक्यावरच्या दुकानात गेली, पेनड्राइव्ह तयार करून घेतला, पुन्हा चढ चढून आली. गुडघे बोलायला लागले होते. पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू केला. देवेश म्हणाला, नवीन विंडोज टाकायचं नाही, चुकूनही नाही, खाली कोपऱ्यात दुरुस्तीचं लिहिलंय तिथे जायचं. मग पुन्हा काळी खिडकी. त्यात तो एकेक अक्षर सांगायचा आणि ती एका बोटाने दाबायची. 'बूटरेक', एक जागा सोड, तिरकी रेघ, 'फिक्स एमबीआर'. म्हणजे वॉचमन बदलायचा हुकूम.

"तिरकी रेघ कुठली रे? दोन आहेत."

"प्रश्नचिन्हाच्या बटणावरची."

एंटर दाबला. काम यशस्वी झालं, असं इंग्रजीत उमटलं. तिचा विश्वास बसेना. पेनड्राइव्ह काढून पुन्हा चालू केलं तर समोर विंडोजचा तो दोन ओळींचा मेनू! पोरांनी एकच गिल्ला केला. तिचा जीव भांड्यात पडला, पण देवेश सोडेना.

"आता विंडोजमध्ये जा, सेटिंगमधली ही यादी उघड आणि त्यातली मेलेली ओळ काढ. नीट बघ हं ताई, ज्याच्यापुढे 'करंट' लिहिलंय ते आपलं चालू विंडोज. त्याला हात नाही लावायचा. एकच नाव उरलं की तो विचारतच नाही, सरळ आत घेतो."

तिने पुन्हा पुन्हा वाचून खात्री केली आणि दुसरी ओळ काढून टाकली. मग ती खुर्चीवरून उठली आणि म्हणाली, "अक्षता, तू बंद करून चालू कर."

"मी? ताई, मी नको."

"तूच कर."

अक्षताने भीत भीत बटण दाबलं. ना मेनू, ना प्रश्न. विंडोज आपलं आपण उघडलं. "झकास ताई!" कुणीतरी ओरडलं. संघमित्रा हसली, पण खरं सांगायचं तर आनंद व्हायला अंगात काही शिल्लकच नव्हतं. तिला फक्त बसायचं होतं.

"मग आता ताई काय करणार?" दशरथकाकांनी विचारलं. स्वर जरा दुखावलेला.

"ताई उद्यापासून घरी जाणार, काका."

सोमवारी गाळा सुटल्यावर ती खरोखर सरळ घरी गेली. गल्लीत अजून उजेड होता. वाटेत आईसाठी केळी घेतली. काय काय बोलायचं हे तिने मनात जुळवलं होतं. जालन्याच्या मावशीचं विचारायचं, तिच्या लहानपणीचं विचारायचं, काहीही चाललं असतं. दार उघडंच होतं. जया आईची वेणी घालून नुकतीच गेली होती. आई खाटेवर बसलेली, छान जागी. तिने संघमित्राकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोण गं बाई तू?"

"आई, मी. संघमित्रा."

आई हसली, लहान पोराची थाप ऐकल्यासारखी. "ती न्हाई येत इतक्यात. तिला लई उशीर होतो. इहारात पोरं असतेत तिची."

केळी खाली ठेवून संघमित्रा भिंतीला टेकून बसली. काय बोलायचं ते सगळं डोक्यातून गेलं. रागावणार तरी कुणावर?

"बसू का मी, ती येईपर्यंत?"

"बस की." आई जरा पुढे सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "पर एक सांगते. ती आली का तिच्याशी बोलत नको बसू. लई दमून येते लेक माझी. बोलत बसली तर जेवत न्हाई. म्हणून तिची चप्पल वाजली का मी आपली भिंतीकडं तोंड करून डोळे मिटून घेते."

संघमित्राने दारातल्या आपल्या चपलांकडे पाहिलं.

"झोपलेली नसते मी," आई म्हणाली. "तिचं जेवण होईस्तोवर जागीच असते. तिला सांगू नको बरं का."