तांब्याचाच घाला

पालीच्या बाजारापुढे महिपतचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. तांब्याच्या नळीतलं बारीक भोक तो पाण्यातले बुडबुडे बघून शोधायचा आणि सोल्डर मारून बुजवायचा. तीस वर्षं हेच. पुढे ॲल्युमिनिअमचे, प्लॅस्टिकच्या टाकीचे रेडिएटर आले. ते फुटले की लोक फेकूनच देत.

रत्नागिरीहून कोल्हापूरला मासळी नेणाऱ्या आत्मारामशेटच्या चारही टेम्पोंना तसलेच होते. वर्षात दोनदा बदलावे लागले, तेव्हा महिपत म्हणाला, "शेट, ॲल्युमिनिअम वाईट नाय. कूलंट घालून जपलं तर घरच्या गाडीला खूप वर्षं जातं. पण तुमच्याकडे मासळीचं खारं पाणी उडतं, ते रेडिएटरची जाळी खातं. वर ड्रायव्हर मिळेल त्या विहिरीचं पाणी ओततात. तांब्याचा घाला. जड असतो, पण दुरुस्त तरी होतो."

"म्हणजे तुझं दुकान चालेल!" आत्माराम हसला.

एप्रिलातल्या एका दुपारी त्याचा टेम्पो वाफा सोडत दुकानापुढे थांबला. ड्रायव्हर बाबल्याबरोबर आत्माराम स्वतःही उतरला.

"झाकण उघड. पाणी घाल."

"अर्धा तास थांबा शेट. आता उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येईल."

"तोवर बर्फाचं पाणी होईल. भितोस काय बाईसारखा?"

महिपतने झाकणावर ओलं गोणपाट टाकलं, तोंड फिरवलं आणि वाफ सुटेल इतपतच झाकण सैल करायला घेतलं. आत्मारामला तेवढाही धीर नव्हता. त्याने मागून कोपराला हिसडा दिला.

महिपतची किंकाळी रस्त्यापलीकडे गेली. आत्मारामने फोन करून दुसरा टेम्पो मागवला, मासळीचे क्रेट हलवले. महिपतला रिक्षात घालून रत्नागिरीला नेलं ते त्याच्या बायकोने, यमुनाबाईने.

पोलिसांना बाबल्याने सांगितलं, "त्याचाच हात सटकला."

नवव्या दिवशी आत्माराम दवाखान्यात आला. बसलासुद्धा नाही.

"तांब्याचाच म्हणालास ना? नळ्यांच्या किती ओळींचा घालू?"

पट्ट्यांआडून महिपत म्हणाला, "तीन. टाक्या पितळी बघून घ्या."

तो गेल्यावर यमुनाबाई कडाडली, "त्या मेल्याला कशाला सांगितलंत?"

"चुकीचं कसं सांगू?"

उजवा डोळा गेला. हाताची तीन बोटं आखडून एकमेकांना चिकटली. आत्मारामच्या चारही टेम्पोंना तांब्याचे रेडिएटर लागले आणि टेम्पो घाट विनातक्रार चढू लागले.

दिवाळीनंतर एकाची नळी गळायला लागली. बाबल्या सवयीने पालीला थांबला. महिपतने हात पुढे करून दाखवला. बाबल्याने खाली बघत विचारलं, "रत्नागिरीत असं काम कोण करतो?"

महिपतने त्याला तिथल्या एका दुकानाची खूण सांगितली.